मान वर न करता

पानावर एक नाव होतं, एक गोल फोटो, दोन रंग, पाच मथळे, तीस ठिपके आणि एक लहर. ठिपक्यांपैकी तेवीस भरलेले होते आणि सात पोकळ. नाव माझं होतं, फोटोही माझाच, पण तेवीस कशाचे ते मला कळेना. तसं विचारल्यावर माझ्या मावसबहिणीने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “कौशल्यांचे. मोजमाप सहापैकी पाच, विश्लेषण सहापैकी पाच, सांघिक काम सहापैकी तीन.” मी म्हटलं, तीनच का? “कारण मी तुला लहानपणापासून ओळखते.” सगळे तिला रेघ म्हणतात, अंगकाठीवरून. ती लोकांचे रेझ्युमे सजवून देते. एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर तिची खोली आहे. खालून गरम कापडाचा आणि वाफेचा वास सतत वर येत असतो आणि त्या वासात बसून ती दिवसभर अनोळखी माणसांची आयुष्यं दोन रंगांत बसवते. “पण एकक काय?” मी विचारलं. “सहापैकी पाच काय?” “अगं बाई, ही जाहिरात आहे, साक्ष नाही. माणूस पान हातात घेतो, त्याच्या भुवया वर जातात किंवा जात नाहीत. मला त्या वर न्यायच्या आहेत. बस.” मग तिने पान मोठं केलं आणि मला ती लहर नीट दिसली. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत निळी, बारीक, इस्त्री केलेल्या पट्टीसारखी सपाट. फक्त उजवीकडे, दोन-तृतीयांश अंतराच्या जरा पुढे, एक टोक उभं राहिलं होतं आणि माझ्या आडनावाच्या शेवटच्या अक्षरात घुसलं होतं. हे टोक इथे असायला नको, असा पहिला विचार मनात आला.

लहर काढण्याची कल्पना रेघचीच. नोकरी आवाज मोजणाऱ्या प्रयोगशाळेतली. पंखे, पंप, धुलाईयंत्रं किती आवाज करतात ते तिथे तपासतात. रेघ म्हणाली, आवाजाची नोकरी आहे तर वर आवाजाचंच चित्र टाकू, तुझ्याकडचा एखादा आवाज पाठव. मी विचार न करता फोनमधली सगळ्यात जास्त वाजलेली फाइल पाठवली. तिचं नाव “अभ्यास”. जवळजवळ दोन तासांचं व्हायोलिन. वाजवणारा माझा दादा. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून एमएस्सीच्या शेवटच्या पेपरपर्यंत मी जे काही शिकले ते या दोन तासांच्या आत बसून शिकले. त्याआधी मी इतरांसारखी गाणी लावून बघितली होती. शब्द असले की मी शब्दांमागे जायची, नुसतं वाद्य असलं की पुढचा सूर कुठे जाणार याची पैज लावत बसायची, आणि पूर्ण शांततेत मला शेजारच्यांचा नळ ऐकू यायचा. मी याची रीतसर नोंद ठेवली होती : वेगवेगळ्या आवाजांत तेवढीच पानं, तेवढीच व्याख्यांची यादी, दुसऱ्या दिवशी किती आठवतं. तो कागद दादाने जेवणाच्या टेबलावर पाहिला आणि खो खो हसला. “प्रोफेसरीणबाई, माझ्या पोटापाण्याचा धंदाच हा आहे, आणि तुम्ही बाहेर शोधताय?”

ते खरंच होतं. तो एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात संध्याकाळी व्हायोलिन वाजवायचा. लोक तिथे बसून बोलत, सौदे करत, लग्नं मोडत, आणि त्याने त्यांच्या बोलण्याखाली एक सतरंजी अंथरून ठेवायची, अशी त्याची नोकरी. “लोकांना ऐकू आलं पाहिजे, पण त्यांनी ऐकता कामा नये,” असं तो म्हणायचा. “वाजवणं थांबलं तर चुकल्यासारखं वाटायला हवं, पण चालू असताना कोणी मान वळवून बघितलं तर समजायचं, आज आपलं चुकलं.” त्यासाठी त्याचे नियम होते. ओळखीची चाल घ्यायची नाही. घेतलेली चाल घरी पोचवायची नाही, दाराशी नेऊन वळवायची. आवाज चढवायचा नाही, उतरवायचाही नाही. कमानीचा दाब शेवटपर्यंत तेवढाच ठेवायचा. मला हे फार आवडलं होतं. मला ते एखाद्या चांगल्या उपकरणासारखं वाटायचं, जे मोजतं पण मोजल्या जाणाऱ्या गोष्टीला धक्का लावत नाही. एका रविवारी दुपारी त्याने आईला स्वयंपाकघराचं दार लावायला सांगितलं आणि एका दमात माझ्यासाठी ते दोन तास वाजवले. नंतर मान चोळत बाहेर आला. “घे. तुझ्या मापाचं शिवलंय.”

गेल्या वर्षी तो हॉटेलच्या मागच्या जिन्यावरून पडला. लिफ्ट पाहुण्यांसाठी होती, वाजवणाऱ्यांनी मागून यायचं. पायरी ओली होती. व्हायोलिनच्या पेटीला साधा ओरखडाही नव्हता, आणि हे मला येणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं, जणू त्यातून काहीतरी सिद्ध होत होतं. मी पहिले काही आठवडे रेकॉर्डिंगला हात लावला नाही. मग एका सकाळी लावलं, कारण त्याचा म्हणावा असा दुसरा आवाज घरात नव्हता. फोनवर तो दोन वाक्यांपलीकडे बोलायचा नाही, निरोप पाठवताना लिहायचा. मी डोळे मिटून बसले. कमान तारेला लागली, आणि मला एन्ट्रॉपी आठवली. नुसती आठवली नाही, पानासकट आली, डाव्या बाजूची आकृती, खालची पेन्सिलची खूण, वहीवर सांडलेल्या चहाचा डाग. तिसऱ्या तारेवर तो हळूच वर सरकतो तिथे अवमंदित दोलनाचं समीकरण होतं. खाली उतरताना सीमेवरच्या अटी. मी मनाशी म्हटलं, थांब, हा दादा आहे, त्याचा हात आहे, त्याचं मनगट आहे. मनगट यायचं नाही. अनुनाद यायचा. मी जितकी त्याला शोधायला आत जायची तितका अभ्यासक्रम बाहेर यायचा, धडा चौथा, धडा पाचवा, सोडवलेली उदाहरणं. दोन तासांत माझ्या भावाला पुरेल एवढीही जागा मी रिकामी सोडली नव्हती. आणि दादाची कारागिरी नेमकी हीच होती, हेही मला कळत होतं. त्याने मुद्दाम स्वतःला काढून घेऊन वाजवलं होतं. जे उरलं ते माझ्या मापाचं होतं.

म्हणून ते टोक. दोन तास पानाच्या रुंदीत दाबले की सपाट पट्टीच दिसायला हवी, कारण त्याने कुठेही आवाज चढवलेला नव्हता. हे मी शपथेवर सांगितलं असतं. मी ते हजार वेळा ऐकलंय, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. रेघने तोवर माउस उचलला होता. “हे नावात घुसतंय बघ. टपरीवरच्या खिळ्यासारखं दिसतंय. मी एवढं कापून टाकते, कळणार पण नाही कोणाला.” “थांब,” मी म्हटलं. माझा आवाज असा काही निघाला असावा की तिने खुर्ची वळवली. “काय गं? एवढी पांढरी का पडलीस?” “ते दादाचं आहे.” “अख्खी पट्टीच दादाची आहे ना?” “हो, पण तेवढं वेगळं आहे.” दादा गेल्यावर तिने एकदाही मला काही विचारलं नव्हतं, नुसती येऊन भांडी घासून जायची. आता ती म्हणाली, “बरं. नाव वर घेते. टोकाला जागा करून देऊ.” आणि खरोखरच तिने माझं नाव चार मिलिमीटर वर नेलं.

घरी येऊन मी हिशेब केला. पानावरचं अंतर, फाइलची लांबी, साधी त्रैराशिकाची गोष्ट. टोक कुठल्या मिनिटात येतं ते काढलं, हेडफोन लावले, पाच मिनिटं आधीपासून सुरू केलं आणि आकड्यांकडे बघत बसले. उन्हं तिरपी झाली होती, पलीकडच्या इमारतीवर कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धप्प आवाज हेडफोनमधूनही येत होता. आकडे पुढे सरकत होते. व्हायोलिन दाराशी जाऊन वळत होतं. मला स्थिर तरंगांचा धडा आठवत होता, दोरीची दोन्ही टोकं बांधलेली असली की टोकांवर हालचाल शून्य, आणि मग आकड्यांकडे लक्ष गेलं तेव्हा ते मिनिट उलटून गेलेलं होतं. मी मागे गेले. पुन्हा लावलं. या वेळी बोटाने टेबलावर ताल धरला, जागं राहण्यासाठी. पुन्हा तेच. मी झोपत नव्हते, डोळे उघडे होते, आकडा त्या मिनिटावर आलेला मला दिसला होता, तरी कानात काही झालं नाही. जणू त्या जागी कोणीतरी खोलीत येऊन गेलं आणि मला फक्त दार हललेलं दिसलं. पडद्यावर टोक होतं, आजूबाजूच्या चौपट उंच. उपकरण सांगत होतं आवाज आहे. दुसरं उपकरण म्हणजे मी, आणि मी सांगत होते नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते माहीत असतं : नमुना वेगळा काढायचा. मी टोकाचा तेवढा तुकडा कापून वेगळ्या फाइलमध्ये घेतला, हेडफोन काढले आणि तो वाजवला. तीन स्वर. मधला उंच, शेवटचा पहिल्यापेक्षा किंचित खाली. स्वच्छ, मोठे, अजिबात लपवलेले नाहीत. कोणाचेही असू शकतील असे.

आई दारात उभी होती. तिच्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती. “ही कुठून आली?” तिने विचारलं. मी म्हटलं, काय? “ही शीळ. तुला खाली बोलवायची शीळ ना ही त्याची? किल्ली विसरला की खालून घालायचा. तू गॅलरीत आलीस की थांबायची. नाही आलीस तर अख्खी इमारत डोकं बाहेर काढायची, तुझाच काय तो पत्ता नसायचा.” ती हसली आणि हसतानाच चादर छातीशी धरून माझ्या पलंगावर बसली. “पुन्हा लाव.” मी पुन्हा लावलं. तिने तीनदा ऐकलं. माझ्याही लक्षात आलं होतं तोवर, अर्थात, शीळ आठवली, खालचं फाटक आठवलं, मी गॅलरीतून रुमालात बांधून टाकलेली किल्ली आठवली. पण आठवणं वेगळं. कापलेल्या तुकड्यात ती शीळ काचेखाली ठेवलेल्या पानासारखी होती. मूळ जागी लावली की ती नाहीशी व्हायची. “तुला रेकॉर्डिंगमध्ये कधी ऐकू नाही आली?” आईने विचारलं. “एवढं कानाला लावून बसायचीस.” मी नाही म्हटलं. तिने चादरीची घडी नीट केली. मग म्हणाली, “मग जमलं की त्याला.” असं म्हणाली खरी, पण तिचा चेहरा मी कुठल्याच बाजूला मोजू शकले नाही.

कारण तो विचारायचा. हे मला नंतर, बसथांब्यावर उभी असताना आठवलं. परीक्षांच्या दिवसांत जेवायला बसल्यावर, सहज, पाण्याचा ग्लास भरता भरता : “काय प्रोफेसरीणबाई, झाला अभ्यास? मध्येच काही ऐकूबिकू आलं?” मी म्हणायची, काही नाही रे, मस्त झाला. “काहीच नाही?” “काहीच नाही.” “वा,” तो म्हणायचा आणि जेवायला लागायचा. ते वा कसं होतं? मी बसमध्ये बसून ते वा वाजवून बघत होते. आपली कला शंभर टक्के साधली, दोन तासांत एकदा भर मैदानात उभं राहून हाक मारली तरी ऐकणाऱ्याने मान वर केली नाही, म्हणून खूश झालेल्या कारागिराचं वा? की रोज लोकांच्या बोलण्याखाली सतरंजी होऊन राहणाऱ्या माणसाने एकीला तरी, निदान एकदा, आपल्याकडे बघायला लावायचा डाव टाकला होता आणि तो रोज फुकट जात होता, त्याचं वा? दोन्ही वा सारख्याच उंचीचे होते. फरक असलाच तर तो त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि मी तेव्हा भाताकडे बघत होते. आणखी एक शक्यता होती, सगळ्यात साधी : त्याचा हात चुकून गेला असेल. पण मधला स्वर इतका स्वच्छ आहे की ही शक्यता मी सोडून दिली.

मुलाखतीत प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी पान हातात घेतलं आणि त्यांच्या भुवया खरंच वर गेल्या. जाडजूड गृहस्थ, बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत, आणि टक्क आवाज आला की स्वतःच दचकत. माझ्याबरोबर आणखी एक उमेदवार शेवटच्या फेरीसाठी निवडलेला होता, चकचकीत बुटांचा, जागा एकच होती. प्रमुखांनी ठिपके वाचले. “सांघिक काम सहापैकी तीन? एवढं खरं कोणी लिहीत नाही हो!” मग अवमंदनाबद्दल विचारलं. खोली शांत होती, वातानुकूलनाची बारीक घरघर सोडली तर काही नाही, आणि मला क्षणभर वाटलं, व्हायोलिनशिवाय मला काहीच आठवणार नाही. आठवलं. पण उत्तर देताना मी ते तिसऱ्या तारेवरून वाचत होते. मधल्या समीकरणाला मी किंचित थांबले, कारण दादा तिथे कमान पालटतो. “छान,” प्रमुख म्हणाले, “फार सावकाश आणि छान. आणि हे टोक काय आहे?” मी म्हटलं, “एक आवाज आहे सर. तिथे आहे, पण मला ऐकू येत नाही.” ते मोठ्याने हसले. “आवाजाच्या प्रयोगशाळेत येऊन हे सांगता? मग आमच्या बाईंना तुमची श्रवणचाचणी जरा कसूनच घ्यायला सांगतो. तेवढी पास झालात की उद्यापासून या.”

चाचणी घेणाऱ्या बाई पांढरा कोट न घालता साध्या स्वेटरमध्ये होत्या, आणि त्यांचा आवाज असा होता की त्यांनी जन्मात कधी कोणाला हाक मारली नसावी. “या. बसा. लाल उजव्या कानावर, निळा डाव्या. हे बटण हातात धरा. सूर ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असू दे. नाही आला तर नाही दाबायचं.” मग त्यांनी केस हेडफोनखालून काढून दिले, आई काढते तसे. “शांततेत काही जणांना भास होतात. घाबरायचं नाही. तीन जादा दाबण्यांपर्यंत यंत्र चालवून घेतं. त्यापुढे चाचणी बाद, मग बाहेर बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराला आत घ्यायचं. आमच्या कामात जे नाही ते ऐकणारा माणूस चालत नाही हो. जे आहे ते न ऐकणारा एक वेळ चालतो, त्याला यंत्र देता येतं.” दुहेरी दार लागलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भिंतींवरचा काळा स्पंज आवाज गिळत होता. थोड्या वेळाने रक्ताचा आवाज यायला लागला, मग मानेचा मणका, मग पापण्या. पहिला सूर आला. यंत्राचा सूर निर्जीव असतो, त्याला कमान नसते, सुरुवात नसते, तो नुसता असतो आणि मग नसतो. मी दाबलं. दुसरा, अधिक बारीक. दाबलं. हे मला चांगलं जमतं. मोजमाप सहापैकी पाच. सूर दूर जात गेले, दिसेनासे होणाऱ्या ठिपक्यांसारखे, आणि मी प्रत्येकाच्या मागे कडेपर्यंत जात होते आणि कडेवरून दाबत होते. काचेपलीकडे बाईंनी मान हलवली, ठीक चाललंय अशी.

डावा कान सुरू झाल्यावर सुरांच्या मधल्या जागेत व्हायोलिन आलं. मी बटणावरचं बोट सैल केलं. हे यंत्राचं नाही, हे मला स्पष्ट माहीत होतं, आणि त्याचा त्रासही नव्हता. ते नेहमीप्रमाणे खाली अंथरलं गेलं आणि त्यावरून यंत्राचे सूर एकेक करून चालत आले आणि मी त्यांना दाबत गेले. चाल दाराशी जाऊन वळली. मी वाट बघत होते स्थिर तरंगांची, दोरीची, दोन्ही बांधलेल्या टोकांची. ती आली नाहीत. तिथे कुठलाच धडा नव्हता. एक मनगट होतं. ते दुखत होतं, कारण बराच वेळ वाजवून झालं होतं, आणि घाम आल्यामुळे हनुवटी लाकडावरून सरकत होती, आणि रविवारची दुपार होती, स्वयंपाकघराचं दार लावलेलं होतं. मग मनगटाने दाब बदलला. पहिला स्वर. मधला, उंच. शेवटचा, किंचित खाली. पूर्ण, आपल्या जागी, मागच्यापुढच्यासकट. इतका जवळ की मी मान वर केली.

मी तीनदा बटण दाबलं, प्रत्येक स्वराला एकदा. काचेपलीकडे बाईंनी यंत्राकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तीन चालवून घेतात, मला माहीत होतं. बाहेर चकचकीत बुटांचा माणूस बसला होता, हेही माहीत होतं. घरी आई फोन हातात घेऊन बसली असणार. व्हायोलिन थांबलं होतं. यंत्राचा एक सूर आला, मी दाबलं, आणखी एक आला, तोही दाबला, आणि शांतता इतकी झाली की मला वाटलं, संपलं, जमलं. मग शीळ पुन्हा आली. रेकॉर्डिंगमध्ये ती एकदाच आहे.

दार उघडून बाईंनी हेडफोन काढून घेतले आणि यंत्रातून निघालेली पट्टी माझ्यासमोर धरली. पाठवलेले सूर छप्पन. प्रतिसाद बासष्ट.